डावीकडचा स्पीकर

अन्याय झाला तो दत्तावर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर, चाकणजवळ, निघोज्याच्या बाजूला, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर असलेल्या माणसावर. आणि तो झाला मागच्या खंडेनवमीला, भर दुपारी, आरती संपून पेढे वाटले जात असताना. आधी नाव, मग वेळ, मग ठिकाण, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. कारखान्यांच्या गेटवर कामगारांना वाटायची पत्रकं लिहून लिहून माझ्या हाताला हीच सवय लागली आहे. आज जागा भरपूर आहे, तरीही सुरुवात तिथूनच करते, कारण हे नाव छापायची परवानगी मला फार उशिरा मिळाली.

त्या दुपारी आधी जाणवला तो वास: झेंडूचा, उदबत्तीचा आणि त्या दोहोंच्या खालून चिवटपणे वर येणारा मशीन-ऑइलचा. आणि मग शांतता. थांबलेलं प्रेस शॉप तुम्ही कधी ऐकलं आहे का? एरवी त्या पत्र्याच्या छपराखाली पाऊल टाकलं की लोखंडावर लोखंड आपटल्याचा हादरा पायांतून छातीत चढतो, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ त्याच्या कानाला लावावे लागतात. खंडेनवमीला मात्र सगळे प्रेस हळद-कुंकू लावून, गळ्यात हार घालून, आंघोळ घातलेल्या बैलांसारखे गप्प उभे होते. घरची माणसं बोलावलेली होती. वहिनीनं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. त्या विस्तीर्ण, निःशब्द, प्रसन्न अवकाशात बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती, छपरावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येत होती. आणि माझा दादा मान वाकडी करून, भिंतीवरच्या हवेच्या पाइपाखालून एकटाच फिरत होता.

कारखान्यात हवेची गळती हा रोजचा वैताग. सांधा सैल झाला की पाइप बारीक शिट्टी घालतो, आणि ती शोधायची रीत म्हणजे साबणाचं पाणी सांध्यांवर लावायचं. जिथं फुगा येईल तिथं गळती. दादानं बेसिनवरचा साबण वाटीत कालवला आणि एकेका सांध्याला बोट लावत निघाला. फुगा कुठंच येईना. "कुठंतरी हवा लीक व्हायलीय लेकांनो," तो म्हणाला, "बारीक शिट्टी वाजायलीय, सुईई करून." त्यावर निघोज्याचाच त्याचा एक जोडीदार पेढ्याचा पुडा हातात घेऊन खो-खो हसला: "अरं भावा, कॉम्प्रेसर सकाळपास्नं बंद हाय! हवाच न्हाई तर लीक काय तुझा सासरा करतोय व्हय?" सगळे हसले. वहिनी हसली, मीही हसले. दादाही हसला, पण त्याची मान वाकडीच राहिली.

मग तो सुपरवायझरकडे गेला. मी शेजारीच होते. "साहेब, कॉम्प्रेसर बंद असंल तर मग ही शिट्टी कुठली?" साहेबांनी त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. तेवढंच, एक क्षणभर. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं हे मी शपथेवर सांगते. त्यांनी दादाच्या तळहातावर पेढा ठेवला, आवाज अगदी मायाळू केला आणि म्हणाले, "दत्ता, तुझे कागद पुन्हा व्हायचेत ना पुढच्या महिन्यात? मग कानाबिनाचं कुणापाशी बोलू नकोस. मळ असेल." हा तो अन्याय. त्यात आरडाओरडा नव्हता, शिवी नव्हती, हात उगारलेला नव्हता. हातावर पेढा होता. पत्रकात असं काही बसवताच येत नाही हो. कुणाचा निषेध करायचा, पेढ्याचा?

बाहेर पार्किंगमध्ये दादाची मोटरसायकलही हार घालून उभी होती. ती त्याची एकुलती एक चैन. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली, वारा अडवायला समोर उंच काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या; परदेशी निघालेल्या कुणा आयटीवाल्याकडून जुनीच घेतलेली. आणि त्या काचेखाली, हँडलच्या दोन्ही अंगांना, दोन स्पीकर. ते दोन काळे जाळीदार गोल पाहून दादा गाडीच्या प्रेमात पडला. आम्ही मूळचे धाराशिवकडचे. लहानपणी घरात गोंधळ व्हायचा तेव्हा संबळ, तुणतुणं आणि झांज यांच्या नादात दादा पहाटेपर्यंत डोळे मिटून बसून राहायचा. कासारवाडीच्या दोन खोल्यांत असा नाद मोकळा सोडायला जागा कुठली? भिंतीपलीकडे शेजारी, शेजाऱ्यापलीकडे रेल्वे. म्हणून त्यानं आपलं देवघर गाडीवर मांडलं. सकाळच्या पाळीला निघताना गोंधळ लावायचा, भोसरीच्या गर्दीत बंद करायचा, मोशी ओलांडली की पुन्हा लावायचा. ज्याच्या हातून दिवसभर पत्र्याचे एकसारखे तुकडे पडतात त्या माणसानं वाटेवरचा तेवढा नाद स्वतःचा म्हणून राखला, यात उधळपट्टी ती कसली?

खंडेनवमीनंतर थोड्याच दिवसांत दादा म्हणाला, "नंदे, डावा स्पीकर गेलाय बघ. झांजच येईना त्याच्यातनं."

शिट्टीचं कोडं त्याच्यापुरतं असं सुटलं होतं. मळ काढून घेतला होता, तेल घालून पाहिलं होतं, आणि आता दोष सापडला होता: स्पीकर जुना आहे. यंत्रांच्या सहवासात वाढलेल्या माणसाचा हा किती निरागस न्याय! बिघाड झाला तर तो वस्तूत झाला असणार. माणूस कसा बिघडेल? माणसाला कुठं सुटे भाग असतात?

आम्ही सांगवीला गेलो. तिथं गाड्यांना साउंड बसवणारं एक छोटं दुकान आहे. मालकाला सगळे पप्पूशेठ म्हणतात. पप्पूशेठ बोलका, हसरा आणि विकायला कायम तयार. त्यानं डावीकडे नवा स्पीकर घातला. दादानं ऐकलं, मान हलवली. "झांज न्हाई." मग पप्पूशेठनं ट्विटर सुचवला, बारीक टिपेचे आवाज वेगळे काढणारा बोटभर स्पीकर. "दादा, यातून झांज अशी उडेल की मागचा सिग्नल सोडून पळेल!" तोही बसवला. काही आठवडे बरे गेले, किंवा दादानं तसं म्हटलं. मग पुन्हा: "डावीकडचं दबलंय." पुन्हा सांगवी. पप्पूशेठला आता गंमत वाटू लागली होती. "दादा, तुमच्या गाडीची डावी बाजू माहेरी गेलीय का रुसून?" आणि त्यानं एक साधी गोष्ट केली. डाव्या स्पीकरची वायर काढून उजव्याला जोडली, उजव्याची डाव्याला. म्हणजे दोष वायरीत असेल तर आता उजवीकडचा आवाज दबायला हवा. गोंधळ लावला. दादा सीटवर बसला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, "डावंच. अजून डावंच मेलेलं हाय."

पप्पूशेठनं डोकं खाजवलं आणि "मग अॅम्प्लिफायरच टाकू, मोठा," असं म्हणून तो कपाटाकडे वळला. मी मात्र खाली वाकले आणि माझा कान डावीकडच्या जाळीला लावला.

झांज होती. लखलखीत होती, सणसणीत होती, पितळेच्या कडेवर ऊन पडावं तशी डोळे दिपवणारी होती. खंडेनवमीची ती वाकडी मान, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं ते बोट, साहेबांची क्षणभराची ती नजर, सगळं एकाच वेळी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी वर पाहिलं. दादा अॅम्प्लिफायरचं खोकं हातात घेऊन लहान मुलासारखा निरखत होता. "आज राहू दे दादा, पावसाचं दिसतंय," एवढंच म्हणाले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

त्या दिवसापासून मला शहर वेगळं ऐकू येऊ लागलं. भीती आधी कानात येते, मग मनात. चाकणच्या रस्त्यावर मी मागे बसलेली असते, आणि डावीकडून, जिथून येऊच नये तिथून, ट्रेलर आत घुसतो. त्याचा भोंगा माझ्या मणक्यातून जातो आणि समोरची दादाची पाठ मात्र संथ असते, निश्चिंत असते, तळ्याच्या पाण्यासारखी. एकदा मी ओरडले तेही त्याला वाऱ्यात कळलं नाही. डाव्या खांद्यावर थाप मारली तेव्हा गाडी बाजूला झाली. "काय गं, झोप आलती का तुला?" तो हसून म्हणाला. तेव्हापासून मी काही ना काही निमित्त काढून त्याच्या पाळीला त्याच्या मागे बसते. गेटवर पत्रकं वाटायची आहेत, निघोज्यात कुणाला भेटायचंय. माझा हात त्याच्या डाव्या खांद्यावर असतो. मी त्याचा डावा कान झाले आहे, आणि तेव्हा हे त्याला ठाऊक नव्हतं. पण ज्या दिवशी मी मागे नसेन त्या दिवशी?

घरी वहिनीपाशी विषय काढला. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली नाही. "तुमाला आता कळालं व्हय? मी कवाच उजवीकडं बसायला लागले जेवताना. अंथरूण बी उलटं घातलंय. डावीकडनं हाक मारली की बघत न्हाईत, मग मला राग येतो, आन् मग माझीच मला लाज वाटती." मग तवा उतरवून म्हणाली, "बोलू नका त्यांच्यापाशी. कागद व्हायचेत." कागद! कंत्राटी माणसाचे कागद दर काही महिन्यांनी नव्यानं होतात, आणि त्या काही महिन्यांत कान, डोळा, कंबर, छाती यांपैकी कशानंही तक्रार करायची नसते. कंपनीत तपासणी होते तेव्हा वजन घेतात, दंडाला पट्टा बांधतात, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतात. कानापाशी कुणी येत नाही. जे तपासलं नाही ते बिघडलं असं कोण म्हणेल?

पण डावाच का? हा प्रश्न मला झोपू देईना. उत्तर दादाकडूनच निघालं, अगदी सहज, चहा पिताना, आणि तेही अभिमानानं. प्रेसवरचा माणूस कानानं काम करतो, तो म्हणाला. पत्रा नीट बसला नाही तर घावाचा आवाज बदलतो. प्रेस खाली सोडणारा क्लच ओढायला लागायच्या आधी एक बारीक कुरकुर येते. ती ऐकली तर हात मागे घेता येतो. "म्हणून नव्या पोराला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, मशीनकडचा कान उघडा ठेव, बोटं राहतील." आणि वाटेकडचा कान? त्यात रबरी बूच घालायचं, कारण मधल्या वाटेनं सेफ्टीवाला फिरतो आणि त्याला तेवढंच दिसतं. दादाचा प्रेस त्याच्या डाव्या अंगाला आहे. उजवा कान दाखवायला, डावा कान बोटांना!

हा शहाणपणा आहे, हे लक्षात घ्या. बेफिकिरी नव्हे. माणसांनी एकमेकांना जपण्यासाठी शोधलेली, तोंडोतोंडी चालत आलेली ही रीत आहे, आणि तिच्यापायी दादाची दहाही बोटं आज शाबूत आहेत. मग माझा संताप कुणावर? सांगते. त्या प्रेससमोर प्रकाशाचा एक अदृश्य पडदा बसवलेला आहे. हात आत गेला तर मशीन आपोआप थांबतं. तो पडदा असला की बोटांसाठी कान उघडा ठेवायची गरजच राहत नाही. पण तो पडदा बंद ठेवलेला असतो, कारण मशीन मध्ये मध्ये थांबलं तर माल कमी निघतो. बाहेरचा पाहुणा यायचा असला की चालू करतात. म्हणजे निवड ठरली: बोटं की कान? ही निवड कुठल्या देवानं माझ्या भावापुढे ठेवलेली नाही. एका माणसानं खटका खाली केला आणि ठेवली.

आणि तो बिचारा स्पीकर बदलत राहिला! जे आतून विझत चाललं होतं त्याला तो बाहेरून उजेड दाखवत होता. आवाज मोठा करायचा, आणखी मोठा करायचा, आणि तो मोठा आवाज उरलंसुरलंही खात राहायचा. आपण सगळेच असंच करतो का? संसारात, राजकारणात, माणसामाणसांत? समोरचा मुका झाला असं आपल्याला वाटतं, आपण खटकन त्याला बदलतो, आणि आपलंच काही हरवलं असेल ही शंका सगळ्यांच्या शेवटी येते.

शेवटी मी त्याला कानाच्या दवाखान्यात नेलंच. "अॅम्प्लिफायर घ्यायच्या आधी एकदा कान तपासू, मग मी स्वतः सांगवीला येते," या अटीवर. काचेची छोटी खोली होती, आत भिंतींना गादीसारखं अस्तर. दादाच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं: आवाज आला की दाबायचं. बाहेर तपासणाऱ्या मुलीसमोर एक लाल दिवा होता, दादानं बटण दाबलं की तो लागायचा. आधी उजवा कान. दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. मी श्वास सोडला. मग डावा. घुमणाऱ्या जाड आवाजांना दिवा लागला. मग आवाज बारीक होत गेले, आणि दिवा थांबला. मुलीनं खटका फिरवला, पुन्हा फिरवला, आणखी फिरवला. काचेपलीकडे दादा डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून, गोंधळ ऐकायला बसायचा तसाच तन्मय बसला होता. वाट बघत. मला ते पाहवेना आणि नजरही काढवेना.

तो बाहेर आला तेव्हा हेडफोन त्याच्या हातात होता आणि डावी वाटी तो बोटानं चाचपत होता. "ताई," तो त्या मुलीला म्हणाला, "तुमची डावीकडची वायर सैल झाली बघा. मधनंच बंद पडलं."

मुलीनं वायरीला हातसुद्धा लावला नाही. दादानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या वाटीकडे. आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसा म्हणाला, "म्हणजे स्पीकर चांगलेच होते की गं." जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं मात्र राखता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना त्यानं गाणं लावलं नाही. त्या निःशब्द प्रवासात मला कळत होतं की निःशब्द तो माझ्यापुरताच आहे. त्याच्या कानात ती शिट्टी चालूच आहे, जिला थांबवायला कुठला सांधा नाही, साबणाचं कुठलं पाणी नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादानं दोन्ही कानांत बूच घातलं, आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "मशीन ऐकू येईना, नंदे. दिवसभर बोटं मोजायलो." हे ऐकल्यावर मी पत्रक लिहायला बसले. नाव घालायचं की नाही यावर वहिनी रडली, म्हणून मी नाव गाळलं. "निघोज्याच्या परिसरातील एक कामगार" असं लिहून ठेवलं होतं. दादानं ते वाचलं. कागद पुन्हा व्हायचे होतेच, ते काही तोही विसरला नव्हता. त्यानं कागदाची कड चिमटीत धरली आणि म्हणाला, "एक कामगार म्हणजे कोण गं? तो पेढा माझ्या हातावर ठिवला हुता. माझं नाव घाल. आधी नाव घाल."

म्हणून मी आधी नाव घातलं. कागदांचं काय होईल मला माहीत नाही, आणि ही धास्ती घेऊनच मी रोज उठते. सोमवारी, सकाळची पाळी सुटताना, दादा त्या गेटवर उभा राहून मागणार आहे: प्रेससमोरचा पडदा सदैव चालू ठेवा, प्रत्येकाचा कान तपासा, आणि ज्याचा गेला त्याला कामावरून काढू नका.

आता तुमचं. पुढच्या खंडेनवमीला यंत्रं गप्प होतील तोवर थांबू नका. आज घरी जा. टीव्ही बंद करा, मिक्सर बंद करा, पंखासुद्धा बंद करा. पाळीवरून आलेल्या तुमच्या माणसाला विचारा, "शिट्टी ऐकू येते का?" तो हसला तरी पुन्हा विचारा. हो म्हणाला तर त्याचा हात धरा आणि सोमवारी त्याला घेऊन गेटवर या. आणि तिथं दादाच्या डाव्या बाजूला उभे राहा. ती बाजू उघडी आहे.